गिधाडाची मूठ

पाखरांनी डॉ. रघुनाथ थोरवतांना वाळीत टाकलं ते होळीच्या आधी की नंतर, हे त्यांना आता खात्रीनं सांगता येत नाही. सावरी फुलल्या होत्या एवढं आठवतं. पण त्या वर्षी सावरी उशिरा फुलल्या असंही आठवतं, आणि ही दुसरी आठवण कदाचित पुढच्या वर्षीची असेल. वाळीत टाकलं, याबद्दल मात्र शंका नाही. त्याला साक्षीदार आहेत.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे घाटमाथ्यावर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टरांच्या साडेचार एकरांत एकही पाखरू उतरायचं नाही. कुंपणाच्या आत कुणी चोच उघडायची नाही. वरून जावंच लागलं तर मुकाट्यानं जायचं, शक्यतो वळसा घालून. पांगाऱ्याची फुलं झाडावरच सुकून गेली. त्यांच्यासाठी ठेवलेल्या मातीच्या परळातल्या पाण्याला शेवाळ धरलं. कावळासुद्धा फिरकला नाही, आणि कावळा हा काही फार नियम पाळणारा म्हणून ओळखला जात नाही.

डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, राज्यशास्त्राचे. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना समता शिकवली आणि दर वर्षी शेवटच्या तासाला 'यात माझी चूकही होत असेल' असं म्हणून पुस्तक मिटलं. निवृत्तीनंतर ते तळकोशी गावाच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, येऊन राहिले, ते पत्नीसाठी. प्रमिलाबाई टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होत्या. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं ऑफिस कानातच होतं. मला अशा ठिकाणी न्या जिथं ऐकण्यासारखं काही असेल."

म्हणून ही जमीन, हे कौलारू घर, दोन गाई, आणि पाखरं. पाखरांना बोलावण्यासाठी डॉक्टरांनी जिवाचा आटापिटा केला होता. पांगारे लावले, करवंदीच्या जाळ्या राखल्या, उन्हाळ्यात परळ भरून ठेवले, ओट्यासमोरच्या सपाट दगडावर रोज सकाळी बाजरी आणि नाचणी टाकली. नियम एकच होता, आणि तो त्यांनी मोठ्या अभिमानानं केला होता: जो आधी येईल त्यानं आधी खावं. लहान-मोठा नाही, काळा-गोरा नाही.

पाखरं येत गेली. प्रमिलाबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि ऐकत. कुर्टुक दिवसभर एकच सूर लावून बसे, तेव्हा म्हणत, "रिंग जातेय, पलीकडे कुणी उचलत नाही." बुलबुलांची जोडी आली की म्हणत, "हा कॉल काही तीन मिनिटांत संपायचा नाही." पण त्यांचा खरा माणूस म्हणजे शीळकरी कस्तूर. तो पहाटे ओढ्याकडून येई आणि गोठ्याच्या आढ्यावर बसून रमतगमत शीळ घाली. "हा कुणाला फोन करत नाही," त्या म्हणत. "नुसता आपल्याशीच बोलतो. पण लाईन किती स्वच्छ आहे बघा." त्याची शीळ ऐकली की त्या उठून बसत आणि चहा मागत. डोळ्यांना उजेड कळत नसल्यामुळे उजाडलेलं त्यांना त्याच्याकडूनच कळे. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता.

अशात एके दिवशी कुंपणाच्या खांबावर कोतवाल येऊन बसला. काळाभोर, शेपटी दुभंगलेली, नजर कागदपत्रं तपासणाऱ्याची. पाखरांचं आपसातलं बोलणं वेगळं असतं, पण गावकीचं कामकाज ती मराठीतच करतात.

"थोरवत आपणच का?"

"हो. डॉक्टर थोरवत."

"तक्रार आहे. या जागेत मान चुकवला जातोय."

"कुणाचा मान?"

"सड्यावर पहिली मूठ गिधाडाची असते. तुम्ही येईल त्याला घालता. परवा पहिला दाणा चिमणीनं उचलला. सगळ्यांनी बघितलं."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. आकाश मोकळं होतं.

"या डोंगरावर गिधाड आहे?"

"नाही."

"शेवटचं कधी होतं?"

"आमच्या आज्ज्यानं बघितलेलं."

"मग?"

"मग काय? मानकरी गावात नसला म्हणून मान जातो होय?"

"गिधाड बाजरी खात नाही," डॉक्टर म्हणाले. याबाबत त्यांना बऱ्यापैकी खात्री होती.

"खायचा प्रश्न नाही, डॉक्टर. खायला आम्ही आहोतच." कोतवालानं पंख नीट केले. "पद्धत सांगतो. सकाळी पहिली मूठ कड्याच्या टोकाच्या खडकावर ठेवायची. मी विचारीन, मानकरी कुठं आहेत. तुम्ही म्हणायचं, वाटेत आहेत. मग बाकीच्यांना घालायचं. एवढंच."

'वाटेत आहेत' हे शब्द डॉक्टरांना कुठंतरी ऐकल्यासारखे वाटले, पण कुठं ते आठवेना. आणि आठवायला सवड मिळाली नाही, कारण तोवर त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

त्याला कारण होतं. डॉक्टरांचं मूळ गाव खाली कृष्णाकाठी. तिथल्या भैरोबाच्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा, यावरून त्यांचे वडील नाना आणि चुलत घराणं यांच्यात दावा लागला होता. त्या एका नारळापायी दोन घरांच्या अंगणात भिंत उठली. लग्नं एकमेकांशिवाय लागली, मयताला खांदे परके आले. रघुनाथ आणि चुलतभाऊ दत्ताजी एका ताटात जेवणारी पोरं. ती शाळेच्या एकाच बाकावर पाठीला पाठ लावून बसायला लागली. शेवटी नाना दावा जिंकले. पहिला नारळ थोरवतांच्या थोरल्या पातीचा, म्हणजे नानांच्या पाठी रघुनाथचा. निकालाच्या दिवशी नानांनी पेढे वाटले, आणि रघुनाथनं पिशवी भरली. "तुमचा नारळ तुम्ही फोडा, नाहीतर एकमेकांच्या डोक्यात घाला," असं म्हणून तो गावाबाहेर पडला, तो परत गेला नाही. नाना गेले तेव्हाही शहरातच दहावा केला.

आणि आता सत्तरी ओलांडल्यावर, समुद्रसपाटीपासून इतक्या उंचीवर, एक पाखरू त्यांना मान शिकवत होतं.

"माझ्या जागेत असलं काही चालणार नाही," ते म्हणाले. "जो हजर आहे तो खाईल. जो नाही त्याच्या नावानं मी मूठ ठेवणार नाही. आणि जे मेलंय ते वाटेत आहे असं तर मुळीच म्हणणार नाही. जा, सांग तुझ्या गावकीला."

"सांगतो," कोतवाल म्हणाला, आणि उडून गेला.

दुसऱ्या दिवशी सगळं शांत झालं.

प्रमिलाबाई अंथरुणात पडून होत्या. "उजाडलं का हो?"

"केव्हाच. ऊन आलंय ओट्यावर."

"कस्तूर बोलला नाही."

"आज आला नसेल."

"मग उजाडलं नसेल," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून वळल्या. डॉक्टरांनी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली, मग ती काळी पडली. दुपारी प्रमिलाबाईंनी विचारलं, अजून रात्रच आहे का. डॉक्टर म्हणाले, नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणून." एखाद्या ग्राहकाची खोटी तक्रार सभ्यपणे नोंदवून घ्यावी, तसा तो स्वर होता.

असं चालत राहिलं. त्या जेवत होत्या, पण रात्री चाचपडत उठून जेवावं तसं, थोडंसं. ओट्यावरची खुर्ची तशीच राहिली. घरात दोन माणसं होती आणि त्यातल्या एकाचीच सकाळ होत होती.

डॉक्टर संतापानं खाली तळकोशीत गेले. तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष बबनराव शेलार दुकानाच्या पायरीवर बसून दाढी करून घेत होते.

"मला वाळीत टाकलंय," डॉक्टर म्हणाले.

"कानावर आलंय." बबनरावांनी गालावरचा फेस तसाच ठेवून मान वळवली. "आवो सर, पण गिधाडाचा मान हितं समदीच राखत्यात. आमची मंडळी पयली भाकरी तव्यावरनं उतरली की कडंला ठेवती. तुमाला कुणी सांगितलं न्हाई?"

"नाही."

"तुमी इचारलं न्हाई."

"बबनराव, वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. त्याचा कायदा आहे. त्याच्या मसुद्यावर मी स्वतः सूचना पाठवल्या होत्या."

"मग तुमाला आमच्यापरीस जास्त ठावं. कायद्यात 'समाजाचा सदस्य' असं हाय न्हवं? समाजानं आपल्याच सदस्याला टाकलं तर गुन्हा. आता बोला. तुमी पाखरांच्या समाजाचं सदस्य हाय का?"

डॉक्टर मनातल्या मनात कायद्याची कलमं चाळू लागले.

"असाल," बबनराव म्हणाले, "तर मान पाळायला पायजे. नसाल, तर वाळीत पडायचा सवालच न्हाई, लोक आपलं आपल्या घरी गेलं असं धरायचं. दोनीपैकी कंचं लिहू?"

न्हाव्यानं वस्तरा पुसला. तो हसला नाही, पण हसू नये म्हणून त्यानं बराच वेळ वस्तरा पुसला.

चढ चढताना डॉक्टरांना स्वतःचाच भयंकर राग आला. 'सदस्य' या शब्दाची व्याख्या काटेकोर असावी, ही सूचना त्यांचीच होती. निदान त्यांना तसं आठवत होतं. सूचना दुसऱ्या कुणाची असती तर बरं झालं असतं. पण मसुद्यात इतका काटेकोरपणा मागणारा दुसरा कोण असणार, हेही त्यांना कळत होतं. अर्ध्या वाटेवर ते एका दगडावर बसले आणि त्यांनी नानांना शिव्या दिल्या. मग दत्ताजीला दिल्या. मग गिधाडाला. डोंगरावरून नाहीसं व्हायचं होतं तर मान सोबत घेऊन जायला काय झालं होतं?

शेवटी त्यांनी एक गोष्ट केली, जी पुढं ते कुणाला सांगत नसत. तालुक्याला जाऊन त्यांनी फोनवर कस्तुराची शीळ उतरवून आणली आणि सकाळी फोन हळूच खिडकीत ठेवला.

शीळ सुरू झाली. प्रमिलाबाई उठून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि लगेच गेलं.

"हा आमच्याकडचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि हा फोन आहे. मागं पंखा फिरतोय कुणाच्या तरी खोलीत."

"प्रमिला..."

"बंद करा ते."

त्यांनी बंद केलं.

"तुम्ही काय केलंत?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "पाखरं अशी एका दिवसात जात नाहीत. कुणाशी भांडलात?"

मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं. गिधाड, मूठ, आणि ते शब्द. सांगताना त्यांचा राग परत उसळला. "मी मूठ एकवेळ ठेवीन. मुंग्या खातील. पण रोज सकाळी उठून धडधडीत खोटं बोलायचं? वाटेत आहेत म्हणे. कुठल्या वाटेत? मी जन्मभर मुलांना सांगितलं की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा."

"तुम्ही सांगितलंत ते बरोबरच आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी मात्र नोकरीभर एकच वाक्य बोलले. लाईनवर रहा. मुलगा आखातात, महिनाभर फोन लागत नाही, आई बूथमध्ये उभी. मला पलीकडची लाईन मेलेली दिसत होती. मी काय सांगायला पाहिजे होतं?"

"खरं ते."

"खरं तिला माहीत होतं. तिला कुणीतरी लाईनवर आहे एवढंच पाहिजे होतं." त्या चादरीची घडी चाचपत राहिल्या. "माझी सकाळ बंद करून तुम्ही तुमचं तत्त्व जपलंत. जपा. पण मग मला उठवायला येऊ नका."

डॉक्टरांना लग्नानंतर इतका राग कधी आला नव्हता. आणि तो नेमका कुणाचा, हेही सांगता येत नव्हतं. त्या रागातच त्यांनी बाजरीच्या डब्यात हात घातला.

कड्याच्या टोकाला एक वठलेला हिरडा होता. डॉक्टर पोचले तेव्हा त्यावर गावकी बसलेलीच होती, जणू तिला आधीच निरोप गेला असावा. वरच्या फांदीवर एक म्हातारा धनेश, खाली बुलबुल, होले, कुर्टुक, एका ओळीत सातभाई. कस्तूर एका बाजूला, कुणाकडे न बघता. कोतवाल मधोमध.

"मास्तर आले," टकाचोर लांब शेपूट हलवत म्हणाला. "आता तास होणार."

"गप," कोतवाल म्हणाला.

तास झालाच. डॉक्टरांनी मूठ आवळून सगळ्यांना सुनावलं. तुम्ही पाखरं आहात, ते म्हणाले, तुम्हाला पंख आहेत, आणि माणसांनी टाकून द्यायला पाहिजे ते तुम्ही चोचीत धरून बसला आहात. या मानापायी घरं मोडतात. मी पाहिली आहेत. ज्याच्या नावानं तुम्ही एका अंध बाईची सकाळ बंद केलीत, तो या डोंगरावर नाही. तो येणार नाही. तुम्हाला हे माहीत आहे.

सातभाई एकदम बोलायला लागले. त्यांचं एकमत होईपर्यंत कामकाज थांबलं.

"माहीत आहे," धनेश म्हणाला. तो प्रथमच बोलला.

"मग मला खोटं का बोलायला लावता?"

"खोटं कसं?" कोतवालानं विचारलं. "वाट केवढी आहे, हे कुठं विचारलंय तुम्हाला?"

डॉक्टर खडकाकडे गेले. खडक गिधाडांच्या शिटेच्या पांढऱ्या जुन्या डागांनी माखलेला होता. पाऊस कित्येक वर्षं धूत होता तरी ते पुरते गेले नव्हते. त्यांनी मूठ उघडली.

"मानकरी कुठं आहेत?" कोतवालानं विचारलं.

वारा होता. खाली तळकोशीत कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती.

"वाटेत आहेत," डॉक्टर दात-ओठ खात म्हणाले.

"ऐकू आलं का सगळ्यांना?"

आलं होतं.

"रागानं म्हटलेलं चालतं का?" डॉक्टरांनी विचारलं. नियम नीट कळलेला बरा, असा त्यांचा स्वभाव.

"चालतं," कोतवाल म्हणाला. "बरेच जण रागानंच म्हणतात."

परत येताना कुंपणापाशी त्यांच्या डोक्यावरून काहीतरी निळंकाळं सरळ रेषेत गेलं. वळसा न घालता. ते घरात शिरले तेव्हा गोठ्याच्या आढ्यावर शीळ सुरू झाली होती आणि प्रमिलाबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या. केस विस्कटलेले, चेहरा दारापेक्षा थोडा डावीकडे, जिथून आवाज येत होता तिकडे.

"लागली लाईन," त्या म्हणाल्या. "किती दिवस झोपले मी?"

"फार नाही."

"चहा टाका. साखर तुमच्या हिशेबानं नको, माझ्या."

तेव्हापासून डॉक्टर रोज पहिली मूठ खडकावर ठेवतात. पावसात त्यातून खडकाच्या भेगांत बाजरी उगवली, ताटं कमरेएवढी झाली, कणसं भरली आणि वाळली. एकाही पाखरानं त्यांना चोच लावली नाही. रोज कोतवाल विचारतो, रोज डॉक्टर उत्तर देतात, आणि त्यांचा राग एका सकाळीही कमी झालेला नाही. एकदा तर त्यांनी मोकळ्या आकाशाकडे बघून ओरडून सांगितलं की यायचं असेल तर एकदाचं येऊन टाक, माझ्याच्यानं रोज हे होत नाही. त्याची गावकीनं दखल घेतली नाही.

ते शब्द आधी कुठं ऐकले, ही टोचणी मात्र गेली नाही. कधी वाटे, लहानपणी जत्रेत नानांच्या खांद्यावर बसून ऐकले. कधी वाटे, ही आठवण सोयीची म्हणून आता तयार झाली असेल. वयाला शोभेल असं त्यांचं आठवणीशी भांडण चालू होतं. बऱ्याच वर्षांनी, चैत्रात, प्रमिलाबाई म्हणाल्या, "विचारून टाका की एकदाचं. गावात देवळाचा फोन असेलच." त्यांनी दोन ठिकाणी चौकशी केली, बोटांनी बटणं चाचपत नंबर लावला, आणि फोन पुढं करून जुन्या सवयीनं म्हणाल्या, "लाईनवर रहा."

पलीकडे भैरोबाचा गुरव होता.

"कोण म्हणालात?"

"रघुनाथ थोरवत. नानांचा."

गुरवानं ते नाव पुन्हा एकदा स्वतःशी म्हटलं. मग म्हणाला, "देवा. हितंच हाय की तुमचा नारळ."

डॉक्टरांनी प्रश्न नीट विचारले, आणि स्वतःच्या कानांवर भरवसा नसल्यामुळे नंतर पोस्टमास्तरांकडून आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेकडूनही तेच पडताळून घेतलं. तिघांचंही उत्तर एकच आलं. जत्रेत पहिला नारळ अजून थोरल्या पातीचाच निघतो. तो फोडत नाहीत, पायरीवर बाजूला ठेवतात आणि पुढच्या वर्षी नदीत सोडतात. गुरव रघुनाथ थोरवतांचं नाव तीनदा पुकारतो आणि मानकरी कुठं आहेत म्हणून विचारतो. भिंतीपलीकडचे दत्ताजी थोरवत, आता गुडघे गेलेत तरी, काठी टेकून उभे राहतात आणि सबंध जत्रेला ऐकू जाईल इतक्या रागानं सांगतात, वाटेत आहेत.